नातवंड दारी येते तेव्हा

आमच्या जोयडा तालुक्यातील अनेक घरांतून एक तरी मुलगा वा मुलगी आज परमुलखात आहे. कोणी गोव्यात, कोणी पुण्या-मुंबईस, तर कोणी समुद्र ओलांडून मस्कत, दुबई, कुवेत किंवा इंग्लंडात नोकरी करते. पुढे लग्न होते, मूल होते, आणि एखाद्या नाताळात दीड-दोन वर्षांचे ते लेकरू आजी-आजोबांना भेटावयास येते. आजी-आजोबांना वाटते, नातवंड आपल्या घरी आले. पण त्या लेकराच्या दृष्टीने हाच परदेश असतो. येथले पाणी नवे, हवा नवी, बोली नवी आणि माणसेही नवी.

घरभेटीस जातो तेव्हा आम्हांला असे दिसते की, पाहुण्यांसाठी घर सारवले जाते, गोडधोड होते, कोंबडा राखून ठेवला जातो. परसाकडे मात्र कोणाचे लक्ष जात नाही. वास्तविक लहान मुलाचा सगळा दिवस तेथेच जातो. चांगले अन्न तेथलेच, आणि पहिला धोकाही तेथलाच. म्हणून मूल येण्यापूर्वी परस तयार करावे, हाच आजच्या धड्याचा विषय आहे.

१. पेरणी केव्हा करावी?

आमच्या भागाचे धन जमिनीखाली आहे. कोनफळ, कणगी, माडी, सुरण, रताळी ही कंदमुळे येथील कुणबी शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपली आहेत. जोयड्यात कंदमुळांचा मेळाही भरत आला आहे. मे महिन्याच्या अखेरीस किंवा पहिल्या पावसाबरोबर लावलेली कोनफळे व कणगी, वेल पिवळे पडून सुकू लागले म्हणजे, नाताळच्या सुमारास काढणीस येतात. तेव्हा नाताळच्या पाहुण्याचे जेवण मे महिन्यातच जमिनीत जावयास हवे.

हिरव्या भाजीला इतका अवधी लागत नाही. तांबडा माठ साधारण चार आठवड्यांत हाताशी येतो. पालक पाच-सहा आठवड्यांत आणि मुळा सहा-सात आठवड्यांत तयार होतो. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात तीन लहान वाफे केले तर नाताळात ताजी भाजी मिळते. पावसाळी वेलावरचा लाल भोपळा देठासह काढून कोरड्या जागी ठेवला तर टिकतो. शेवग्याचा पाला तर दारातच असतो.

एक हातभर वाफा मात्र रिकामा ठेवावा. तो मुलाचा.

२. मुलाला काय द्यावे?

पहिले सहा महिने केवळ आईचे दूध द्यावे. त्यानंतर वरचे अन्न सुरू करावे, परंतु आईचे दूध दोन वर्षे व पुढेही चालू ठेवावे. नऊ महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंतच्या मुलाला दिवसातून तीन-चार वेळा जेवण आणि मध्ये एक-दोनदा थोडे खाणे लागते. त्याचे पोट लहान असते. एका वेळी जास्त भरवून काही उपयोग नाही.

उकडून कुस्करलेली कणगी व रताळे मुलाला सोसतात. परंतु कंदात मुख्यतः पिष्ट असते. नुसत्या पिष्टाने अंग भरत नाही. त्यात मऊ वरण, अंडे किंवा काटे काढलेली मासळी आणि चमचाभर तूप घालावे. मोड आणून, वाळवून, भाजून दळलेल्या नाचणीची पेज उत्तम. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, आणि हाडे-दात तयार होण्याच्या वयात ते हवेच.

काही पथ्ये मात्र कसोशीने पाळावीत.

माडी आणि सुरण यांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे सूक्ष्म कण असतात. घसा खाजतो तो त्यांमुळे. हे कंद आमसूल किंवा चिंच घालून पूर्ण शिजवावेत, आणि आधी मोठ्याने खाऊन पाहिल्याशिवाय मुलाला देऊ नयेत.

टॅपिओकाच्या कंदात सायनाइड तयार करणारी द्रव्ये असतात. तो सोलून, तुकडे पाण्यात भिजवून, उघड्या भांड्यात उकळून ते पाणी फेकून द्यावे. कच्चा तुकडा चघळावयास कधीही देऊ नये. जंगलातले कडू कंद लहान मुलाला नकोतच.

एक वर्ष पुरे होईपर्यंत मध चाटवू नये, मग तो आपल्या रानातला शुद्ध मध का असेना. त्यात असू शकणाऱ्या जंतूंपासून तान्ह्या मुलाला बोट्युलिझम हा गंभीर रोग होऊ शकतो.

अख्खे शेंगदाणे, फुटाणे, खोबऱ्याचे तुकडे, फणसाची आठळी, सुपारी ही मुलाच्या हाती देऊ नयेत. दाणा श्वासनलिकेत अडकला तर काही मिनिटांत जीव जातो.

नवा पदार्थ एका वेळी एकच द्यावा आणि दोन-तीन दिवस वाट पाहावी. पहिल्याच दिवशी आत्या, काकू आणि शेजारीण यांनी प्रत्येकी एक घास भरवला, तर दुखणे कशाने आले हे कोणालाच सांगता येत नाही.

३. आवाराची पाहणी

मूल येण्याच्या आठवडाभर आधी आजोबांनी एकदा गुडघ्यांवर बसून आवार पाहावे. उभ्या माणसाला जे दिसत नाही ते त्या उंचीवरून दिसते.

विहीर व टाकी: विहिरीला कठडा नसेल तर बांबूचे कुंपण घालावे व तोंडावर जाळी टाकावी. बागेतल्या तळीला आणि टाकीला झाकण हवे. रांगते मूल चार इंच पाण्यातही गुदमरते, म्हणून भरलेली बादलीदेखील उघडी ठेवू नये. घर पाहुण्यांनी भरले म्हणजे प्रत्येकाला वाटते की दुसरा लक्ष ठेवीत आहे. यास्तव दर तासाला एका माणसाचे नाव घेऊन मूल त्याच्या स्वाधीन करावे.

औषधे: सुपारीच्या कोळेरोगावर फवारण्यासाठी बोर्डो मिश्रण करतात. त्यासाठी आणलेले मोरचूदाचे निळे खडे मुलाला खडीसाखरेसारखे दिसतात. ते विषारी आहेत. कीटकनाशके, रॉकेल, उंदरांचे औषध कुलुपात ठेवावे, आणि पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत तर मुळीच ओतून ठेवू नये. एंडोसल्फानवर सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली बंदी घातली. एखाद्या माळ्यावर जुनी बाटली अद्याप पडून असेल तर ती ओढ्यात न ओतता तिचे काय करावे हे शेतकी खात्याच्या कार्यालयात विचारावे.

गोचीड: १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात जो माकडताप प्रथम ओळखला गेला, तो आपल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातही आढळला आहे. तो गोचिडीच्या चाव्याने होतो, माणसापासून माणसाला होत नाही. त्याचा हंगाम साधारण डिसेंबर ते मे, म्हणजे नेमका पाहुण्यांचा. गोठ्यासाठी रानातून आणलेला सुका पाला अंगणात रचू नये, घरापासून दूर ठेवावा, आणि मुलाला त्यावर बसवू नये. रानाकडे नेलेच तर अंगभर फिक्या रंगाचे कपडे घालावेत, घरी येताच ते बदलून आंघोळ घालावी, आणि कानामागे, काखेत, जांघेत गोचीड आहे का ते पाहावे. मेलेले माकड दिसल्यास त्याला हात न लावता आरोग्य खात्याला कळवावे.

साप व कुत्रा: लाकडांची रास घराच्या भिंतीला लागून नको. सापाने दंश केला तर कापणे, चोखणे, दोरीने आवळणे हे सर्व वर्ज्य. तो अवयव हालू न देता ताबडतोब दवाखाना गाठावा. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवता येते. कुत्रा किंवा माकड चावले वा ओरबाडले, तर साबणाच्या वाहत्या पाण्याने जखम पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी लस सुरू करावी.

४. जुलाब व ताप

पाणी बदलले की पोट बिघडते. मुलासाठी पाणी खळखळून उकळावे व झाकून ठेवावे. दूधही उकळूनच द्यावे. जेवण करण्यापूर्वी आणि भरवण्यापूर्वी साबणाने हात धुवावेत.

जुलाब लागल्यास मुलाचा जीव धोक्यात येतो तो मुख्यतः अंगातले पाणी व क्षार गेल्याने. १९७१ साली बांगलादेशाच्या निर्वासितांमध्ये कॉलरा पसरला, तेव्हा बनगावच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाचे पाणी पाजून असंख्य प्राण वाचवले. हेच ओआरएस आज पुडीत मिळते. पुडीवर लिहिले असेल तेवढ्याच पाण्यात संपूर्ण पुडी विरघळवावी. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. चमचा चहाचा घ्यावा. मीठ जास्त झाले तर अपाय होतो. दोन वर्षांखालील मुलाला प्रत्येक जुलाबानंतर पाव ते अर्धा कप, घोटघोट पाजावे. आईचे दूध व जेवण बंद करू नये. झिंकच्या गोळ्या आरोग्य केंद्रात विचाराव्यात.

डोळे खोल गेले, लघवी थांबली, मूल सुस्त पडले, पाणीही पिईना किंवा शौचात रक्त दिसले, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता दवाखान्यात न्यावे. अचानक जोराचा ताप, डोकेदुखी व उलट्या झाल्या तरी हेच करावे. आणि एक महत्त्वाची गोष्ट मुलाच्या आईबापांना सांगून ठेवावी. परत गेल्यावर ताप आला तर तेथील डॉक्टरला, आम्ही कर्नाटकातल्या जंगलाच्या भागात राहून आलो आहोत, असे सांगावे. न सांगितल्यास त्याला माकडताप किंवा हिवताप सुचणारही नाही. येताना लसीकरणाचे पुस्तकही बरोबर आणावयास लावावे.

५. ओळख कशी व्हावी?

मूल आजीला पाहून रडते, तेव्हा आजीच्या मनाला लागते. यात सुनेचा दोष नाही आणि मुलाचाही नाही. या वयात अनोळखी चेहऱ्याची भीती वाटणे हे वाढीचेच लक्षण आहे. ओढून कडेवर घेऊ नये. आईजवळ बसून आपले काम करीत राहावे. मूल आपणहून जवळ येते.

झोपेचेही तसेच. दुबई-मस्कतचे घड्याळ आपल्यामागे दीड तास, कुवेतचे अडीच तास, इंग्लंडचे हिवाळ्यात साडेपाच तास. आपल्याकडे रात्रीचे आठ वाजतात तेव्हा इंग्लंडहून आलेल्या मुलाच्या अंगात दुपारचे अडीचच वाजलेले असतात. रागावून ते झोपणार नाही. सकाळी वेळेवर उठवून उजेडात आणावे. काही दिवसांत घडी बसते.

राहता राहिली भाषा. येथे तो हातभर वाफा कामास येतो. आदल्या रात्री मेथीचे दाणे भिजवावेत. आजोबांनी बोटाने ओळ ओढावी, मुलाने चिमटीने दाणे टाकावेत. दाणे मोजून द्यावेत व उरलेले मोजून परत घ्यावेत, कारण या वयात दाणा तोंडात, नाकात जातो. चार-पाच दिवसांत कोंब वर येतो, आणि तीन-चार आठवड्यांत भाजी खुडता येते. रोज सकाळी दोघांनी मिळून पाणी घालावे. “पाणी”, “माती”, “पान” हे शब्द शिकवावे लागत नाहीत, हाताबरोबर तोंडात येतात. हात मात्र नंतर धुवावेत.

निरोपाच्या वेळी कच्चे कंद, रोपे, बियाणे पिशवीत भरू नयेत. अनेक देशांत ते विमानतळावरच काढून घेतात. काय नेता येते हे मुलांनी आधी विचारून घ्यावे. पुढे फोनवर बोलताना आजोबांनी तो वाफा दाखवावा. मुलाला चेहऱ्याआधी वाफा आठवेल, आणि वाफ्याबरोबर आजोबाही आठवतील.

घरी मिळून उत्तरे काढा

१. आमच्या विहिरीला आणि टाकीला झाकण आहे काय?
२. मोरचूद व इतर औषधे कोठे ठेवली आहेत? तेथे मुलाचा हात पोहोचतो काय?
३. ओआरएसची पुडी घरात आहे काय? नसल्यास साखर-मिठाचे प्रमाण घरात कोणाकोणाला पाठ आहे?
४. सुका पाला घरापासून किती अंतरावर रचला आहे?
५. यंदा नातवंडासाठी कोणता वाफा राखून ठेवणार?