दुसऱ्या सुरात उभं राहताना

मी पेठची, सातगाव पठारावरची. आमच्या घरात भजन आजोबांच्या आधीपासून. पुण्यात आत्याकडे राहून मिशनच्या शाळेत शिकले, तिथल्या नाताळच्या कॅरोल सर्व्हिसमध्ये दरवर्षी गायले आणि आता इकडच्या इंग्रजी माध्यमाच्या मुलांकडून त्याची तयारी करून घेते. पठारावरचा बटाटा निघतो, कांद्याच्या लागवडीची घाई सुरू होते, तेव्हाच आमच्या तालमीही सुरू होतात. मंचर, घोडेगाव, नारायणगावची पुष्कळ मुलं हल्ली शाळेच्या कॅरोलमध्ये उभी राहतात. हे त्यांच्यासाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी.

१. घरी आधी सांगावं, मोकळेपणाने सांगावं. माझं नाव गाणाऱ्यांत आलं तेव्हा दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एवढंच विचारलं, "देवाचंच म्हणायचं ना?" मी हो म्हटलं. "मग सुरात म्हण," म्हणाले आणि टाळांच्या दोऱ्या आवळायला बसले. सगळ्यांच्या घरी इतकं सोपं नसतं, हे मला माहीत आहे. 1890 साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये लोकमान्य टिळक, न्यायमूर्ती रानडे अशी मंडळी चहा प्यायली, तर त्यावरून ग्रामण्य (जातीतून वाळीत टाकण्याचा वाद) माजलं आणि प्रकरण प्रायश्चित्तापर्यंत गेलं. त्याच शहरात एका माळकऱ्याची मुलगी चर्चमध्ये उभी राहून गायली आणि तिला ऐकायला तिचे वडील एसटीने खेडचा घाट उतरून आले. मला याचा फार अभिमान वाटतो. पालकांनी जरूर यावं, पुढच्या बाकावर बसावं.

२. आधी कार्यक्रमाची रचना समजून घ्या. कॅरोल सर्व्हिस हे गॅदरिंग नव्हे. एक वाचन, मग एक गीत, पुन्हा वाचन, पुन्हा गीत, अशी ती पुढे जाते. मूळ पद्धत नऊ वाचनांची. इंग्लंडमध्ये ट्रुरो इथे 1880 च्या नाताळच्या आदल्या रात्री बिशप बेन्सन यांनी ती बसवली. कॅथेड्रलचं बांधकाम चालू होतं, म्हणून उपासना तात्पुरत्या लाकडी चर्चमध्ये झाली. पुढे 1918 मध्ये, पहिलं महायुद्ध संपल्या संपल्या, केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजने ती घेतली आणि तिथून ती जगभरच्या शाळांत गेली. गोष्ट सुरू होते ती गव्हाणीपासून नाही, आदामापासून. येशूचा जन्म येतो थेट सहाव्या वाचनात. मुलांना वाटतं, एवढा उशीर कशाला? पण कीर्तनात आख्यान रंगायच्या आधी पूर्वरंग लागतोच. फादर स्टीफन्सनी 1616 साली गोव्यात रायतूरला छापलेल्या ख्रिस्तपुराणातही हाच क्रम आहे. सुमारे अकरा हजार मराठी ओव्यांचा तो ग्रंथ. त्याचं अख्खं पहिलं पुराण सृष्टीच्या उत्पत्तीपासून वाट पाहण्यातच जातं. वाट पाहणं कळलं की मुलं पहिली गीतं उगाच दामटत नाहीत.

३. दुसरा सूर मिळाला तर तो मनापासून धरा. मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे ते याबद्दल. भजनात एक बुवा चाल सांगतो, बाकीचे मागे धरतात. रंग चढला की आवाजही चढतो आणि चढायलाच हवा. कॅरोलमध्ये चार सूर एकाच वेळी चालतात. सोप्रानोला चाल मिळते, ऑल्टोला खालचे तेच ते तीन-चार सूर. भजनाच्या घरातल्या मुलीला चाल सोडून भलतंच गायला सांगितलं, तर कान बंड करतो, आपली ओळ सोडून चालीकडे पळतो. यावर उपाय म्हणजे आपली ओळ पेटीवर एकटीने इतकी घोटायची की तीच चाल वाटू लागेल. मग शेजारणीचा हात धरून, तिची ओळ ऐकत ऐकत आपली म्हणायची. कान बोटाने बंद करून गाणारी मुलं मी पाहते; त्याने ओळ पाठ होते, पण गाणं होत नाही. वरचा सूर आपल्यावर टेकला आहे, हे एकदा अंगाला जाणवलं की पुढे कधीच मन चालीकडे धावत नाही.

भजन येणाऱ्या मुलांनी आपली शिकवण बाजूला ठेवू नये. सायलेंट नाइट हे गीत 1818 मध्ये ऑस्ट्रियात ओबर्नडॉर्फच्या चर्चमध्ये पहिल्यांदा गायलं गेलं, तेव्हा योसेफ मोर आणि फ्रान्झ ग्रुबर असे दोघे गात होते, सोबत गिटार होती आणि शेवटच्या ओळी समूह उचलत होता. ओळ उचलणं आपल्याला जन्मापासून येतं. ग्लोरिया या शब्दावरची लांबलचक वळणंही आमच्या मुलांना इतरांपेक्षा लवकर जमतात.

४. हातातल्या मेणबत्तीला पुठ्ठ्याची चकती लावाच, मेण बोटांवर ओघळतं. गुडघे ताठ ठेवू नका, घेरी येते. डिसेंबरात पठारावर बोचरी थंडी असते. सकाळी मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या करा, कानाला मफलर बांधा.

५. इंग्रजी शब्दांचा अर्थ विचारल्याशिवाय ओठांवर घेऊ नका. शब्दाचं शेवटचं व्यंजन सगळ्यांनी एकदम टाकायचं. चाळीस मुलांचा 'स' मागेपुढे आला की सापाचं बीळ ऐकू येतं. श्वासाच्या जागांवर पेन्सिलने खुणा करून ठेवाव्यात.

६. वाचन करणाऱ्या मुलाला गाणाऱ्याइतकाच वेळ द्या. सातवं वाचन मेंढपाळांचं. रात्री रानात कळप राखत बसलेल्यांना दूत बातमी देतो. हे वाचन मी नेहमी खेड्यातल्या मुलाला देते. पाऊस सरला की आमच्याकडे मेंढपाळांचे वाडे येतात, खतासाठी शेतकरी रानात मेंढ्या बसवून घेतात. जाळी ठोकलेली, आत कळप, बाहेर कुत्री, आणि जुन्नर-आंबेगावात बिबट्याचं भय असल्यामुळे घरातलं कोणीतरी काठी-बॅटरी घेऊन जागं. एका मुलाला मी म्हटलं, "तुझ्या रानात बसलेल्या बाबांना आठव आणि वाच." त्याने "रात्री" या शब्दावर जो थांबा घेतला, तो मी शिकवला नव्हता. राजवाडा सोडून ही बातमी आधी यांनाच का मिळाली, हे त्या वर्गाला समजावून सांगावं लागलं नाही.

७. एक तरी गीत मराठी असू द्या. शाळा इंग्रजी माध्यमाची आहे, एवढ्यावर अडू नये. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी (1861–1919) ख्रिस्ती उपासनेला अभंग आणि भजन दिलं. नगर जिल्ह्यातली ख्रिस्ती भजनी मंडळं आजही टाळ-मृदंगावर गातात. माझी शिक्षकांना कळकळीची विनंती आहे: मेंढपाळांच्या वाचनानंतर टिळकांचं भजन ठेवा. पियानो थोडा वेळ थांबू द्या. पेटी शाळेत नसेल तर गावच्या मंडळाकडे मागा, ते आनंदाने देतात. पखवाज मात्र आदल्या दिवशीच आणून लावून ठेवावा, थंडीत तो उतरतो.