तुटलेली बेटकुळी : दुखणं थांबणं आणि बरं होणं यातला फरक



लहानपणी कुणी "बेटकुळी दाखव बघू" म्हटलं की आपण हात कोपरात दुमडून दंड फुगवून दाखवायचो. विज्ञानाच्या पुस्तकात तिला द्विशिर स्नायू म्हणतात, जिममध्ये बायसेप. वजन उचलणाऱ्याची ही बेटकुळी तुटली तर काय होतं, ती परत कशी जोडली जाते आणि माणूस पुन्हा वजनाकडे कसा वळतो, हे आज शिकूया.

हा विषय निवडायला एक कारण घडलं. आमचा एक माजी विद्यार्थी पोलीस भरतीची तयारी करत होता. वय 27. मैदानी चाचणीत 7.260 किलोचा गोळा फेकायचा असतो, म्हणून ताकद वाढवायला तो जिममध्ये डेडलिफ्ट मारायचा. एका संध्याकाळी मित्रांनी आग्रह केला, बारला आणखी दोन प्लेट चढल्या. बार गुडघ्यापर्यंत आला आणि उजव्या कोपरापाशी "टप्प" असा आवाज झाला. पुढचे आठ महिने त्या एका आवाजाने ठरवले.

बेटकुळीची रचना

द्विशिर म्हणजे दोन डोकी असलेला. या स्नायूची दोन टोकं वर खांद्याच्या फऱ्याच्या हाडाला जोडलेली असतात. खाली दोन्ही भाग एक होतात आणि एका मजबूत दोरीने कोपराच्या पुढे, अंगठ्याच्या बाजूच्या हाडाला म्हणजे रेडियसला बांधलेले असतात. या दोरीला स्नायुरज्जू किंवा टेंडन म्हणतात. स्नायू ओढतो, रज्जू ती ओढ हाडापर्यंत पोचवतो.

आता एक प्रयोग करा. उजवा हात कोपरात काटकोनात दुमडा. डाव्या हाताने उजवा दंड धरा. उजव्या हाताने पेचकसाने स्क्रू घट्ट बसवतोय असं समजून मनगट फिरवा. दंड टणक होतो ना? तळहात आकाशाकडे वळवणं हे बायसेपचं फार महत्त्वाचं काम आहे. कोपर दुमडण्यात तो मदत करतो, पण तिथला मुख्य गडी त्याच्याखाली लपलेला ब्रॅकियालिस नावाचा स्नायू असतो. म्हणूनच बायसेप तुटल्यावरही हात दुमडतो आणि माणूस फसतो. त्याला वाटतं, "हात चालतोय म्हणजे नुसती लचक असेल."

तुटते कुठे आणि का?

बायसेप तुटण्याच्या बहुतेक घटना वर खांद्याकडे घडतात. त्या जास्त करून उतारवयात, झिजलेल्या रज्जूत होतात आणि अनेकदा शस्त्रक्रियेशिवायही काम भागतं. वजन उचलणाऱ्यांची मोठी काळजी असते ती कोपराकडचं टोक तुटण्याची. हे बहुतांशी 30 ते 60 वयाच्या पुरुषांत दिसतं, पण जड वजन उचलणाऱ्यांत त्याआधीही होऊ शकतं.

कारण समजायला डेडलिफ्टची पकड बघा. बार हातातून निसटू नये म्हणून बरेच जण एक तळहात स्वतःकडे आणि दुसरा समोर ठेवतात. समोर वळलेल्या हाताच्या बायसेपवर आधीच ताण असतो. त्यात कोपर किंचित वाकलेलं राहिलं आणि जड बारने ते झटक्यात सरळ केलं, तर स्नायू आकसू पाहतो आणि वजन त्याला लांबवतं. या ओढाताणीत रज्जू हाडापासून उपटून निघतो. मोठा टायर उलटवताना, जड दगड किंवा पोतं खालून हात घालून उचलतानाही हाच धोका असतो. ऑलिम्पिक पद्धतीच्या स्नॅच आणि क्लीन अँड जर्कमध्ये दोन्ही तळहात स्वतःकडे असतात, त्यामुळे तिथे ही दुखापत कमी दिसते.

धूम्रपान करणाऱ्यांत हा धोका कित्येक पटींनी वाढतो. स्टेरॉइड घेणाऱ्यांत आणखी एक अडचण असते. स्नायू झपाट्याने वाढतो, रज्जू त्या वेगाने मजबूत होत नाही. नव्या इंजिनला जुनी साखळी लावल्यासारखं होतं.

ओळखायचं कसं?

- "टप्प" असा आवाज किंवा काहीतरी सुटल्याची जाणीव
- कोपराच्या आतल्या बाजूला तीव्र कळ, एक-दोन दिवसांत काळंनिळं पडणं
- बेटकुळी वर सरकल्यासारखी दिसणं, खाली खळगा पडणं
- किल्ली किंवा पेचकस फिरवताना जोर न लागणं

डॉक्टर एक साधी तपासणी करतात. कोपर काटकोनात, तळहात वर. कोपराच्या पुढच्या घडीत बाहेरच्या बाजूने बोट घालून दोरीसारखा रज्जू आकड्यासारखा धरता येतो का, हे बघतात. दोरी बोटाला लागलीच नाही तर ती तुटल्याची दाट शंका. खात्रीसाठी सोनोग्राफी किंवा एमआरआय करतात.

आमच्या विद्यार्थ्याने काय केलं? घरी कुणाला सांगितलं नाही. तेल लावून चोळलं, शेकलं, पट्टा बांधला. कळ चार-पाच दिवसांत कमी झाली तसं त्याला वाटलं, बरं होतंय. सोळाव्या दिवशी त्याच्या आईने त्याला कुलूप उघडायला डावा हात वापरताना पाहिलं आणि ती त्याला घेऊन दवाखान्यात गेली.

घड्याळ का महत्त्वाचं?

उपटलेला रज्जू जागेवर थांबत नाही. स्नायू त्याला वर ओढून घेतो, तो आखडतो आणि आजूबाजूला चिकटतो. म्हणून शस्त्रक्रिया करायची असेल तर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत केलेली बरी. उशीर झाला तर काम अवघड होतं, कधी दुसरीकडचा रज्जू आणून जोड द्यावा लागतो.

शस्त्रक्रिया प्रत्येकालाच लागते असं नाही. वय जास्त असेल, जड काम नसेल, तर डॉक्टर तशीच वाट बघायचा सल्ला देऊ शकतात. पण पूर्ण तुटलेला रज्जू न जोडल्यास तळहात वळवण्याची ताकद साधारण 40 टक्के आणि कोपर दुमडण्याची साधारण 30 टक्के कमी होते, असं मानलं जातं. गोळा फेकणाऱ्या हातासाठी हा फार मोठा तोटा. त्याने शस्त्रक्रिया केली. डॉक्टरांनी रज्जू खाली ओढून धातूच्या छोट्या बटणाने हाडाला बांधला. नंतर काही दिवस हाताच्या बाहेरच्या बाजूला बधिरपणा होता. जवळून जाणारी एक नस ताणली गेल्याने असं होतं आणि बहुधा ते आपोआप जातं.

आत काय चालतं?

आता धड्याचा मुख्य भाग. नीट वाचा.

पहिल्या आठवड्यात शरीर सूज आणून जागा साफ करतं. मग साधारण सहा आठवड्यांपर्यंत नवे धागे तयार होतात. हे धागे कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे असतात, पण घाईघाईत टाकलेले, कसेही पसरलेले. पिंजलेला काथ्या डोळ्यांपुढे आणा. काथ्या भरपूर असला तरी त्याने विहिरीतून बादली ओढता येत नाही. त्याचा पीळ घालून दोर वळावा लागतो. रज्जूत हे वळण्याचं काम सहाव्या आठवड्याच्या आसपास जोर धरतं आणि वर्षभरसुद्धा चालू राहतं.

दोर वळला जातो तो हळूहळू मिळणाऱ्या ताणामुळे. अजिबात ताण दिला नाही तर धागे विस्कळीत राहतात, हात आखडतो. एकदम जास्त दिला तर कच्चा दोर तुटतो.

आणि फसवणूक इथेच आहे. दुखणं पहिल्या काही आठवड्यांत ओसरतं. स्नायू थोड्या व्यायामाने पटकन जागा होतो. रज्जू मात्र मागे असतो. साधारण सहाव्या ते बाराव्या आठवड्यात हात दुखत नाही, अंगात जोर वाटतो आणि आतला दोर अजून कच्चा असतो. सर्वांत जपायचा काळ हाच.

परतीचं वेळापत्रक

प्रत्येकाचं वेळापत्रक त्याचे डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट ठरवतात. साधारण क्रम असा असतो.

1. पहिले दोन आठवडे : हात झोळीत किंवा पट्टीत. बोटं, मनगट आणि खांदा हलवत राहायचं.
2. सहाव्या आठवड्यापर्यंत : कोपराची हालचाल हळूहळू वाढवायची, बऱ्याचदा दुसऱ्या हाताच्या मदतीने. त्या हाताने चहाच्या कपापेक्षा जड काही उचलायचं नाही.
3. सहा ते बारा आठवडे : अर्धा-एक किलोपासून हलकी सुरुवात. झटका नाही, स्पर्धा नाही.
4. तीन महिन्यांनंतर : ताकदीचा व्यायाम, सावकाश खाली सोडण्यावर भर.
5. चार ते सहा महिने किंवा त्याहून पुढे : डॉक्टरांच्या परवानगीने जड वजनाकडे.

या काळात रिकामं बसायचं नाही. चालणं, पायांचे व्यायाम चालू ठेवता येतात. दुसऱ्या हाताचा व्यायामही उपयोगी पडतो. 1894 साली अमेरिकेतल्या येल विद्यापीठात एडवर्ड स्क्रिप्चर यांनी दाखवलं की एका हाताला सराव दिला तर दुसऱ्या, सराव न दिलेल्या हाताची ताकदही काही प्रमाणात वाढते. याचं कारण मुख्यतः मज्जासंस्थेत आहे. ताकद नुसती मांसात नसते, मेंदूच्या आज्ञेतही असते.

पुरेशी प्रथिनं (डाळी, अंडी, दूध, मासे), झोप आणि तंबाखूपासून लांब राहणं हीदेखील औषधंच आहेत. निकोटिन रक्तवाहिन्या आकसवतं आणि रज्जूला आधीच रक्तपुरवठा कमी असतो.

दोन खेळाडू, दोन प्रसंग

इंग्लंडचा शरीरसौष्ठवपटू डोरियन येट्स याचा डावा बायसेप 1994 साली तळहात वर ठेवून बार ओढताना फाटला. त्या वर्षीही त्याने मिस्टर ऑलिंपिया जिंकली आणि 1992 ते 1997 असे सलग सहा किताब मिळवले. पण त्याने पकड बदलली. उलट्या पकडीऐवजी तळहात खाली ठेवून तो बार ओढू लागला. फाटलेल्या हाताने जिंकला, हे सगळ्यांना आठवतं. आपण त्याच्याकडून पकड बदलणं शिकायचं.

दुसरा प्रसंग आपल्या सांगलीचा. 2022 च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत 55 किलो गटात संकेत सरगरने स्नॅचमध्ये 113 आणि क्लीन अँड जर्कमध्ये 135, असं एकूण 248 किलो वजन उचललं. त्यानंतर 139 किलोच्या प्रयत्नात त्याच्या उजव्या कोपराला दुखापत झाली. तरी तो शेवटच्या प्रयत्नासाठी परत उभा राहिला. तो प्रयत्न फसला. सुवर्ण एका किलोने हुकलं, रौप्य मिळालं. ही दुखापत बायसेपची नव्हती, कोपराची होती. पण प्रश्न तोच : दुखत असताना उचलायचं का? त्याच्यासमोर देशाचं पदक होतं, आयुष्यातली एक संधी होती, त्याने निर्णय घेतला. आपल्यासमोर जिममध्ये पदक नसतं, फक्त टाळ्या वाजवणारे मित्र असतात. त्यांच्यासाठी हात पणाला लावू नका.

आमच्या विद्यार्थ्याचं पुढे काय झालं?

दहाव्या आठवड्यात भरतीची जाहिरात आली. तो माझ्याकडे आला, म्हणाला, "सर, हात अजिबात दुखत नाही. गोळा फेकून बघू का?" खुल्या गटाची वयोमर्यादा 28, त्यामुळे त्याची तळमळ मला कळत होती. मी म्हटलं, "मला विचारू नकोस, डॉक्टरांना विचार." डॉक्टरांनी त्याला काथ्या आणि दोराचा फरक समजावला. त्याने ती भरती सोडली. घरी चार दिवस कुणी कुणाशी नीट बोललं नाही.

सहाव्या महिन्यात त्याने रिकाम्या बारने सुरुवात केली, दोन्ही तळहात स्वतःकडे ठेवून. आठव्या महिन्यात पुन्हा गोळा हातात घेतला. पोलीस भरतीचं वय निघून गेलं. आता तो दुसऱ्या खात्यांच्या परीक्षा देतोय आणि संध्याकाळी मुलांना डेडलिफ्ट शिकवतोय. नवीन मुलगा आला की आधी त्याची पकड बघतो. मी एकदा विचारलं, "पस्तावतोस का?" म्हणाला, "भरती सोडल्याचा नाही सर. ते सोळा दिवस लपवल्याचा पस्तावा होतो."

लक्षात ठेवा

- आवाज आला, जोर गेला, तर त्याच दिवशी घरी सांगा आणि हाडांच्या डॉक्टरांकडे जा. चोळू नका.
- दुखणं थांबलं म्हणजे बरं झालं असं नाही.
- पूर्ण विश्रांतीही चूक, घाईही चूक. मोजून मापून ताण द्यायचा.
- परतल्यावर पकड बदला, कोपर सरळ ठेवा, वजन हळूहळू वाढवा.

स्वाध्याय

1. बायसेप तुटल्यावरही कोपर का दुमडतं?
2. सहावा ते बारावा आठवडा जास्त धोक्याचा का?
3. काथ्या आणि दोराचं उदाहरण तुमच्या शब्दांत लिहा.
4. तुमच्या घरी किंवा ओळखीत कुणी दुखापत लपवली होती का? तिचा परिणाम काय झाला, ते त्यांना विचारून दहा ओळी लिहा.

भेटूया पुढच्या पाठात. तोपर्यंत व्यायाम करा, पण जपून!