सत्ता, अधिकार आणि तोडीची चिठ्ठी



या पानावर मी एरवी बेणे, खते आणि खोडव्याचे पाचट यांविषयी लिहीत असतो. या वेळचा विषय जरा वेगळा आहे आणि तो माझ्या घरातूनच आला. नागपुरात नंदनवनला आमचे घर. हंगाम सुरू असला की रविवारी सकाळी एखाददुसरा सभासद घरी येतोच. उसाला सुट्टी कुठली! मागच्या जानेवारीत असेच एक आले. वयाने माझ्या वडिलांच्या जवळपास. चपला जिन्याखालीच काढल्या. खुर्ची पुढे केली तरी बसले नाहीत. "साहेब, आमच्या उसाले तोड कधी भेटन?" एवढेच विचारले. नोंदवही पाहून सांगतो म्हणालो, ते गेले. माझी मुलगी बी. ए.ला समाजशास्त्र घेऊन शिकते. ती आतून म्हणाली, "बाबा, ते आजोबा सभासद, म्हणजे कारखान्याचे मालक ना? मग मालक उभा आणि नोकर बसलेला, असं कसं?"

उत्तर सुचले नाही. मग तिचेच पुस्तक आठ-दहा रात्री वाचले. माझे शिक्षण कृषी पदविकेपर्यंतचे, त्यामुळे काही पाने डोक्यावरून गेली. जी समजली ती आपल्या कारखान्याला लावून पाहतो.

समाजशास्त्रात 'सत्ता' आणि 'अधिकार' हे दोन शब्द वेगळे धरतात. (पुस्तकात दुसऱ्यासाठी 'अधिसत्ता' असाही शब्द भेटतो. आपण अधिकारच म्हणू.) मॅक्स वेबर नावाचा जर्मन विद्वान १८६४ ते १९२० या काळात होऊन गेला. त्याच्या म्हणण्याचा मथितार्थ असा, की समोरच्याचा विरोध असला तरी आपले म्हणणे चालवून घेण्याची ताकद म्हणजे सत्ता. आणि समोरच्याला 'याने सांगावे हे बरोबरच आहे' असे मनापासून वाटते, तेव्हा त्या सत्तेचा अधिकार होतो. वाटेत गाडी अडवून पैसे मागणाऱ्याकडे सत्ता असते. वजनकाट्यावरच्या कारकुनाकडे अधिकार असतो. काट्याचा आकडा आपण मानतो, तो कारकुनाच्या मनगटाला भिऊन नव्हे.

हा अधिकार लोक कशावरून मानतात, याची तीन कारणे वेबरने सांगितली. पहिले परंपरा. आपल्या नागपूर भागात त्याचे उदाहरण शोधायला लांब जायला नको, मालगुजार आहेत. गावचा वसूल मालगुजाराने गोळा करायचा, भांडणतंटा त्याच्या वाड्यावर तुटायचा, लग्नाची अक्षत आधी तिकडे जायची. आजोबा-पणजोबांपासून चालत आले म्हणून लोक मानत. पण गंमत बघा. १८५४ साली भोसल्यांचे राज्य इंग्रजांनी खालसा केले. त्यानंतर १८६० च्या दशकात जमाबंदी करताना सरकारने या वसूलदारांना गावाच्या मालकीचे हक्क कागदावर लिहून दिले. म्हणजे आपण ज्याला अनादि काळची परंपरा समजत होतो, तिचा मोठा भाग सरकारी दप्तरात तयार झालेला होता! पुढे मध्य प्रदेशच्या १९५० च्या कायद्याने ३१ मार्च १९५१ पासून हे हक्क संपले. तेव्हा नागपूर त्या प्रांताची राजधानी होते. हक्क गेले, तरी काही गावांत वाडा अजून मालगुजाराचाच म्हणून ओळखला जातो. कायदा एका दिवसात लागू होतो, उठून उभे राहण्याची सवय मात्र दोन-दोन पिढ्या जात नाही. माझ्या जिन्याखालच्या चपला मला त्या सवयीतल्याच वाटतात.

दुसरे कारण म्हणजे एखाद्या माणसाचे विलक्षण व्यक्तिमत्त्व. पुस्तकात त्याला 'दिव्यवलयी' अधिकार म्हटले आहे. विठ्ठलराव विखे पाटील फारसे शाळा शिकलेले नव्हते. पण लोणीच्या आसपास गावोगाव फिरून त्यांनी शेतकऱ्यांना शेअर्स घ्यायला लावले. जो कारखाना अजून डोळ्यांनी दिसत नव्हता, त्यासाठी लोकांनी गाठीचा पैसा दिला तो या माणसाच्या शब्दावर. १९५० साली प्रवरेचे गाळप सुरू झाले, आणि चेअरमन होते अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ. शब्दाला नियमांची जोड तिथे मिळाली. वेबर म्हणतो, की असा अधिकार त्या माणसाबरोबर संपतो, नाहीतर त्याचे नियमांत रूपांतर करावे लागते. तिसरी वाट म्हणजे तो वारसाने पुढे चालवणे. म्हणजे पुन्हा परंपरा. सहकारात ती वाट किती जणांनी धरली, ते वाचकांना मी सांगायला नको.

तिसरे कारण कायदा आणि नियम. इथे माणसाला मान नसतो, खुर्चीला असतो. आपला सगळा सहकार यावर उभा आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० प्रमाणे शेअर्स कितीही असोत, सभासदाला मत एकच. पन्नास एकर उसाचा धनी आणि दीड एकरवाला मतपेटीपाशी सारखे. केंद्राच्या १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे, नाहीतर पुढे द.सा.द.शे. १५ टक्के व्याज. हा नियम कारखान्याच्याही डोक्यावर आहे, ही त्यातली खरी मेख. ज्याच्या हाती अधिकार त्यालाही तो बांधतो.

आता कोणी म्हणेल, मग झाले की! नियम आहेत, मत आहे. इथेच मला माझ्या नोकरीतली एक गोष्ट सांगितली पाहिजे.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका कारखान्यात गटाचे काम पाहत होतो. तोडणी लागणीच्या तारखेप्रमाणे द्यायची असा नियम होता. फेब्रुवारीत एका संध्याकाळी फोन आला : अमुक शिवारातली टोळी उद्या तमुकांच्या फडात लावा. दरडावणी नव्हती, फोनवरचा माणूस 'जमेल ना?' असेच म्हणाला. मी चिटबॉयला चिठ्ठी बदलून द्यायला सांगितले. जिथून टोळी उठली, तिथल्या एका सभासदाचा दीड एकर सुरू ऊस एप्रिलपर्यंत उभा राहिला. आपल्याकडचा एप्रिल तुम्हाला माहीत आहे. उसाला वाळ लागली, वजन घटले, खोडवाही धड फुटला नाही. त्याने तक्रार केली नाही. पुढच्या वर्षी त्याने सोयाबीन पेरले आणि आमच्या नोंदवहीतून त्याचे नाव गेले.

रजिस्टर काढून बघितले तर चिठ्ठीवर सही माझी. फोनचा कुठे उल्लेख नाही. त्या माणसाकडे कसलेही पद नव्हते, म्हणजे अधिकार नव्हता, पण सत्ता होती. माझ्याकडे अधिकार होता. त्याची सत्ता माझ्या सहीतून चालली, आणि त्या शेतकऱ्याला ती कारखान्याचा नियम म्हणून दिसली. म्हणूनच तो गप्प बसला असावा. उघड जबरदस्तीला माणूस निदान शिव्या तरी घालतो.

स्टीव्हन ल्यूक्स या इंग्रज अभ्यासकाने १९७४ साली सत्तेवर एक लहानसे पुस्तक लिहिले. तो म्हणतो, सत्तेला तीन तोंडे असतात. सभेत हात वर होतात आणि एक बाजू जिंकते, हे पहिले तोंड सगळ्यांना दिसते. दुसरे तोंड म्हणजे कोणता विषय सभेपुढे येऊच द्यायचा नाही हे ठरवणे. आपल्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेत शेवटी असते, 'मा. अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय'. ते येईपर्यंत मांडवातल्या निम्म्या खुर्च्या रिकाम्या झालेल्या असतात आणि जेवणाच्या पंगतीचा वास सुटलेला असतो. तोडणीचा क्रम, काटा, उशिरा आलेल्या बिलाचे व्याज हे प्रश्न बहुधा त्याच ओळीत अडकतात. तिसरे तोंड सर्वांत खोल. माणसाला आपल्यावर अन्याय झाला असे वाटतच नाही. 'आपला ऊसच मागास होता', 'मोठ्यांचं आधी जायचंच' असे तो स्वतःच बोलतो. त्या दीड एकरवाल्याने मला पुढे बाजारात भेटल्यावर हेच सांगितले होते, आणि मला त्या वेळी बरे वाटले होते.

आणखी एक जर्मन अभ्यासक, रॉबर्ट मिखेल्स, याने १९११ साली तिथल्या समाजवादी पक्षाचा अभ्यास करून निष्कर्ष काढला, की संघटना कितीही लोकशाहीची असो, शेवटी मूठभरांच्या हाती जाते. कारण कागद त्यांना वाचता येतात, वेळ त्यांच्याकडे असतो, आणि बाकीचे आभारी राहून घरी जातात. आपल्याकडचे चित्र वाचून अगदी डोळ्यांसमोर येते. तरी मला हा निकाल पुरता पटत नाही. प्रा. बी. एस. बाविस्कर यांनी कोपरगावच्या कारखान्याचा अभ्यास केला, त्यांचे पुस्तक १९८० साली निघाले. डोनाल्ड अ‍ॅटवूड या परदेशी अभ्यासकाने बारामतीकडचा ऊस पट्टा पाहिला. पश्चिम महाराष्ट्रात निवडणुका चुरशीच्या होतात, विरोधी गट पुढाऱ्यांवर डोळा ठेवून असतो, त्याचा कारभारावर दाब पडतो, हे अशा अभ्यासातून दिसते. शिवाय छोट्यांच्या उसाशिवाय गव्हाण भरत नाही. त्यांचे ऐकून घेण्याशिवाय कारखान्याला गत्यंतर नसते. जिथे भांडणारे सभासद नाहीत तिथे मिखेल्स खरा ठरतो, एवढेच मी म्हणेन.

पण मत असणाऱ्यांची ही झाली कथा. फडात कोयता चालवणाऱ्याला कारखान्यात मतच नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, म्हणजे बाई हिशेबात अर्धी. उचल मुकादम देतो ती नवऱ्याच्या हातात. मोळी मात्र दोघे मिळून बांधतात. इथे मुकादमाचा अधिकार कोणत्या प्रकारचा, परंपरेचा की कराराचा, हे मुलीने मला विचारले. मी म्हणालो, कर्जाचा. तिच्या पुस्तकात तसा प्रकार नाही. घालायला हवा.

मान्यता दिली जाते तशी ती काढूनही घेता येते. याचे सर्वांत मोठे उदाहरण नागपूरनेच पाहिले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आणि त्यांच्यासोबत लाखो लोकांनी इथे बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. शतकानुशतके ज्या व्यवस्थेने तुमची जागा खालची म्हणून सांगितले, तिचा सांगण्याचा हक्कच आम्ही मानत नाही, असा त्याचा अर्थ होता. गावकीची सत्ता त्या दिवसाने संपली नाही, मारझोड पुढेही झाली. पण तिचा अधिकार गेला. हा फरक पुस्तकापेक्षा दीक्षाभूमीवर लवकर कळतो.

आपल्या घरगुती प्रश्नापुरते सांगतो. ते आजोबा मागच्या महिन्यात पुन्हा नंदनवनला आले, या वेळी लागणीची नोंद करायला. मुलीने हात धरून खुर्चीवर बसवले आणि चहा होईपर्यंत उठू दिले नाही. ते अवघडून बसले होते. मीही.

तोडणीची यादी लागणीच्या तारखेप्रमाणे हंगामाच्या सुरुवातीला गटऑफिसात लावली जाईल. त्यात आपल्या नोंदीची तारीख बरोबर आहे का, ते स्वतः येऊन पाहावे. नंतर आपल्या खालचा नंबर वर गेलेला दिसला तर तोंडी सांगू नये. तारीख घालून लेखी अर्ज द्यावा आणि पोच मागावी. पोचेवर सही माझी लागते.