आकड्यांमागची माणसे

मुलांनो, मॉरिशसचा नकाशा समोर घ्या. पोर्ट लुईवर बोट ठेवा. आता बोट हळूहळू दक्षिणेकडे सरकवा. बो बासँ, रोझ हिल, क्वात्र बोर्न, वाकवा आणि मग क्यूरपीप. शहराला लागून शहर! एक कुठे संपते आणि दुसरे कुठे सुरू होते, हे बसमध्ये बसून सांगता येत नाही. बेटावर इतकी जागा असताना एवढी शहरे एकाच ओळीत का वसली असतील?

डोंगर, नद्या, पाऊस, वारा यांचा अभ्यास म्हणजे प्राकृतिक भूगोल. माणसे कुठे राहतात, तेथेच का राहतात, कोणते काम करतात, एक ठिकाण सोडून दुसरीकडे का जातात, या सर्वांचा अभ्यास म्हणजे मानवी भूगोल. आपला प्रश्न मानवी भूगोलाचा आहे. त्याचे उत्तर नकाशात सापडणार नाही. ते आकड्यांत लपले आहे.

एखाद्या प्रदेशात राहणाऱ्या सर्व माणसांची संख्या म्हणजे तेथील लोकसंख्या. ती मोजण्यासाठी सरकार घरोघर माणसे पाठवते. या मोजणीला जनगणना म्हणतात. आपल्या बेटावरील जुन्या जनगणनांचे तीन आकडे पाहा. १८४६ मध्ये लोकसंख्या सुमारे १ लाख ५८ हजार होती. १८६१ मध्ये ती ३ लाख १० हजार झाली. १८७१ मध्ये ती ३ लाख १६ हजार होती.

काही विचित्र वाटले का? पहिल्या पंधरा वर्षांत लोकसंख्या जवळजवळ दुप्पट झाली. पुढच्या दहा वर्षांत मात्र ती फक्त सहा हजारांनी वाढली. आकडे असे बोलत असतात. फक्त त्यांना प्रश्न विचारावा लागतो.

पहिल्या वाढीचे कारण घराघरांत जन्मलेली बाळे हे नव्हते. माणसे जहाजांतून आली होती. राहते ठिकाण सोडून दुसरीकडे राहायला जाणे याला स्थलांतर म्हणतात. खरे तर मॉरिशसमधील प्रत्येक घराण्याचा इतिहास स्थलांतराचाच आहे, कारण या बेटावर मुळात कोणीच राहत नव्हते. १६३८ मध्ये डच लोकांनी येथे पहिली वसाहत केली आणि १७१० मध्ये ते बेट सोडून गेले. नंतर फ्रेंच आले. त्यांनी मादागास्कर आणि मोझांबिक येथून हजारो माणसांना गुलाम करून आणले. त्या माणसांना कोणी विचारले नव्हते. असे स्थलांतर सक्तीचे असते. १८१० मध्ये हे बेट इंग्रजांनी जिंकले आणि १८३५ मध्ये येथील गुलामगिरी कायद्याने बंद झाली.

मग उसाच्या मळ्यात काम कोण करणार? मळेवाल्यांनी हिंदुस्थानातून मजूर मागवले. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'अॅटलस' जहाजातून ३६ मजूर पोर्ट लुईला उतरले. त्यानंतर विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत सुमारे साडेचार लाख माणसे आली. कोणी कलकत्त्याहून आले, कोणी मद्रासहून, कोणी मुंबईहून. मुंबईच्या जहाजांत कोकणातील रत्नागिरी भागातली माणसे होती. आपण घरी गौरीगणपती आणतो, ही मराठी शाळेत शिकतो, ते त्यांच्यामुळे.

माणूस आपले गाव उगाच सोडत नाही. दुष्काळ, कर्ज, जमिनीचा तुटवडा ही कारणे त्याला घराबाहेर ढकलतात. कामाची आणि पगाराची आशा त्याला दुसरीकडे ओढते. स्थलांतराच्या मागे अशी ढकलणारी आणि ओढणारी कारणे बहुधा जोडीनेच असतात. पण ओढणारे कारण दुरून जेवढे गोड दिसते, तेवढे जवळ गेल्यावर असतेच असे नाही. मजुरांना कराराने बांधलेले असे. ठरलेली वर्षे पुरी होईपर्यंत मळा सोडता येत नसे. काही जण करार संपल्यावर परत गेले. बरेच जण येथेच राहिले.

आता दुसऱ्या कोड्याकडे वळू. १८६१ नंतर वाढ का थांबली? १८६६ ते १८६८ या काळात बेटावर मलेरियाची भयंकर साथ आली. हजारो माणसे मरण पावली. सर्वांत जास्त हाल पोर्ट लुईचे झाले. तेथे उष्ण हवा, दाट वस्ती आणि साचलेले पाणी होते. मलेरिया डासांमुळे पसरतो हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. रोनाल्ड रॉस यांनी ते १८९७ मध्ये शोधून काढले आणि १९०७ मध्ये ते मॉरिशसलाही आले. पण एक गोष्ट लोकांनी शास्त्रज्ञांच्या आधीच ओळखली होती. उंचावरच्या थंड हवेत हा ताप कमी येतो. म्हणून ज्यांना जमले, त्यांनी पोर्ट लुई सोडले आणि ते वर राहायला गेले.

वर जाऊन नोकरीसाठी रोज खाली कसे यायचे? तीही सोय झाली होती. १८६५ मध्ये पोर्ट लुईहून क्यूरपीपमार्गे माहेबुर्गला जाणारी आगगाडी सुरू झाली होती. रात्री थंड हवेत झोपावे आणि दिवसा बंदरावर काम करावे! जेथे आगगाडीचे स्टेशन, तेथे घरे, दुकाने, शाळा आल्या. म्हणून ती शहरे एका ओळीत आहेत. ती ओळ आगगाडीच्या रुळांची आहे. आगगाडी १९६४ मध्ये पुरती बंद झाली, पण आज क्यूरपीपला जाणारी मेट्रो बरीचशी त्याच जुन्या मार्गावरून धावते. हे वाचून पुढच्या वेळी मेट्रोतून जाताना खिडकीबाहेर पाहाल ना?

शहरांत वर गेलेले लोक नोकरदार आणि व्यापारी होते. मजूर मळ्यातच राहिले. त्यांच्या झोपड्यांच्या ओळींना क्रिओल भाषेत 'कां' म्हणतात. 'कां' म्हणजे छावणी. आजही कां द मास्क, कां दियाब्ल, कां फुकरो अशी गावांची नावे आहेत. छावणीत घर मळेवाल्याचे असे. काम सुटले की घर सुटले.

हे चित्र एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बदलू लागले. साखरेचे भाव उतरले. मळेवाल्यांना पैशांची गरज पडली, म्हणून त्यांनी जमिनीचे तुकडे पाडून विकायला काढले. चांगली जमीन त्यांनी स्वतःकडेच ठेवली. दगडाळ किंवा दूरची जमीन विकली. ती विकत घेतली कोणी? ज्यांनी वर्षानुवर्षे मजुरीतून थोडे थोडे साठवले होते, त्यांनी. दगड वेचून त्यांनी उसासाठी जागा केली आणि स्वतःच्या जमिनीवर स्वतःचे घर बांधले. जमिनीचे असे तुकडे पाडण्याला 'मोर्सेलमां' म्हणतात. तुमच्यापैकी कितीतरी जणांच्या पत्त्यात हा शब्द असेल. मला तर वाटते, आपल्या देशाच्या भूगोलात याहून महत्त्वाचा शब्द क्वचितच असेल.

माणसे जेथे घरे बांधून राहतात, त्या जागेला वस्ती म्हणतात. काही वस्त्या देवळाभोवती किंवा दुकानाभोवती गोळा झालेल्या असतात. काही रस्त्याच्या कडेने दोरीसारख्या पसरतात. उत्तरेकडील त्रिओले गाव असेच लांबच लांब आहे. काही घरे दूरदूर विखुरलेली असतात. वस्तीची नावेही बोलकी असतात. 'क्वात्र बोर्न' म्हणजे सीमेचे चार दगड. चार मळ्यांच्या हद्दी तेथे एकत्र येत असत. आज मळे नाहीत, दगड नाहीत, नाव मात्र उरले आहे.

आता आणखी एक शब्द शिकू. एक किलोमीटर लांब आणि एक किलोमीटर रुंद असा चौकोन डोळ्यांपुढे आणा. अशा एका चौकोनात सरासरी किती माणसे राहतात, त्या संख्येला लोकसंख्येची घनता म्हणतात. ती काढायला सोपी आहे. लोकसंख्येला क्षेत्रफळाने भागा. मॉरिशस बेटाचे क्षेत्रफळ सुमारे १,८६५ चौरस किलोमीटर आहे. १८४६ मध्ये एका चौकोनात सुमारे ८५ माणसे होती. आज सहाशेहून अधिक आहेत. पण सरासरीने फसू नका. प्लेन विल्यम्स जिल्ह्यात २०३ चौरस किलोमीटरमध्ये साडेतीन लाखांच्या आसपास लोक राहतात, म्हणजे एका चौकोनात सतराशेच्या आसपास. ब्लॅक रिव्हरच्या डोंगरातल्या जंगलात मात्र अनेक चौकोन रिकामेच आहेत.

जहाजे येणे थांबल्यावरही लोकसंख्या वाढली. १९५२ मध्ये ती सुमारे ५ लाख होती आणि १९६२ मध्ये जवळजवळ ६ लाख ८२ हजार. दहाच वर्षांत एवढी भर! याचे कारणही मलेरियाच होते, पण उलट्या बाजूने. १९४० च्या दशकाच्या अखेरीस फवारणीची मोठी मोहीम सुरू झाली आणि मलेरिया हटला. दर हजार माणसांमागे वर्षात जेवढे मृत्यू होतात, त्याला मृत्युदर म्हणतात. तो झपाट्याने खाली आला. दर हजारी जन्मांना जन्मदर म्हणतात. तो मात्र उंचच राहिला. एवढ्या माणसांना काम आणि अन्न कुठून मिळणार, अशी त्या वेळी मोठी काळजी होती. पुढे कुटुंबे लहान झाली. १९७० नंतर कापडाचे कारखाने उभे राहिले, पर्यटन वाढले आणि ऊसतोडणीवाचूनही पोट भरू लागले.

आज चित्र पुन्हा उलटले आहे. २०११ आणि २०२२ या दोन जनगणनांत देशाची लोकसंख्या जवळजवळ सारखीच भरली. बाळे कमी जन्मतात, आजीआजोबा जास्त वर्षे जगतात. तुमचा एखादा मामा किंवा मावशी फ्रान्स, इंग्लंड किंवा कॅनडात असेल, तर तेही स्थलांतरच. आणि आपल्या कारखान्यांत काम करायला आता बांगलादेशातून माणसे येतात. तीही करार करूनच येतात.

मोका येथील महात्मा गांधी संस्थेत मजुरांच्या जुन्या वह्या जपून ठेवलेल्या आहेत. बेटावर उतरलेल्या प्रत्येकाला एक क्रमांक मिळत असे. त्यापुढे नाव, वय, जहाज आणि मूळ गाव लिहिलेले असे. घरी आजोबांना किंवा आजीला विचारा. आपल्या घराण्यातले येथे पहिले कोण आले? कोणत्या 'कां'मध्ये राहिले? पहिली जमीन कोणी घेतली? मिळालेली गावे नकाशावर ठिपक्यांनी दाखवा आणि ठिपके रेषेने जोडा. क्रमांक सापडला, तर तो रेषेच्या टोकाशी लिहा.