पित्ताशयातील खडे : दुखणारे आणि न दुखणारे

पित्त यकृतात तयार होते. पित्ताशय ते साठवते, घट्ट करते आणि जेवणातले तेल-तूप पोटात गेले की आतड्यात सोडते. पित्तात कोलेस्टेरॉल वाढले किंवा पित्ताशय नीट रिकामे होईनासे झाले की खडे धरतात. स्त्रिया, विशेषतः गरोदरपणात, लठ्ठ व मधुमेही माणसे आणि झटपट वजन उतरवणारे यांच्यात ते अधिक आढळतात.

दुखण्याची तऱ्हा ठरलेली असते. छत्रपती संभाजीनगरात दावतीत नान-खलियासारख्या तेलकट मटणाच्या जेवणावर ताव मारला, की तासा-दोन तासांनी छातीखाली मधोमध किंवा उजव्या बरगडीखाली कळ येते, उजव्या खांद्यामागे जाते आणि अर्धा तास ते काही तास हटत नाही. 'ॲसिडिटी' म्हणून ती वर्षानुवर्षे खपते. मात्र पन्नाशीपुढच्या किंवा मधुमेही माणसात अशी कळ हृदयाचीही असू शकते; आधी ईसीजी काढलेला बरा.

निदानाला सोनोग्राफी पुरते. सहा ते आठ तास उपाशीपोटी जावे, कारण खाल्ल्यावर पित्ताशय आकसते. पडद्यावर खडा पांढरा चमकतो, मागे काळी सावली पडते, कूस बदलली की तो घरंगळतो. खडा पित्तनलिकेत उतरला असेल तर सोनोग्राफी चुकू शकते. तेव्हा एमआरसीपी, म्हणजे पित्तनलिकांचा एमआरआय, लागते आणि तो खडा ईआरसीपीने, म्हणजे तोंडावाटे दुर्बीण घालून, काढतात.

दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या तपासणीत सापडलेला, न दुखणारा खडा बहुधा तसाच राहू द्यावा. दुखणाऱ्याला शस्त्रक्रियाच. हुलग्याचा काढा लोक मुतखड्यासाठी घेतात; पित्ताशयाशी लघवीच्या मार्गाचा संबंधच नाही, त्यामुळे इथे तो व्यर्थ. खडे विरघळवणारी गोळी थोड्यांनाच लागू पडते, महिनोन्‌महिने घ्यावी लागते आणि बंद केल्यावर खडे पुन्हा होतात.

खड्यांसकट पूर्ण पित्ताशय काढतात. बर्लिनमध्ये शल्यचिकित्सक लांगेनबुख यांनी 1882 मध्ये ते प्रथम काढले. दुर्बिणीने काढण्याची पद्धत भारतात 1990 मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी आणली. आता पोटावर तीन-चार बारीक छेद पुरतात आणि रुग्ण बहुधा एक-दोन दिवसांत घरी जातो. पित्त यकृतातून थेट आतड्यात उतरत राहते, म्हणून पचन अडत नाही. काहींना काही दिवस पातळ शौचास होते, इतकेच.

कळीसोबत थंडी-ताप, कावीळ किंवा न थांबणाऱ्या उलट्या असतील तर सकाळची वाट पाहू नये. पित्तनलिकेतला संसर्ग किंवा स्वादुपिंडाचा दाह जिवावर बेततो. छत्रपती संभाजीनगरच्या घाटी या सरकारी रुग्णालयाचा अपघात विभाग रात्रीही उघडा असतो.