बकेटला दात बसवताना

आखाजीला माहेरी आलीस आणि झोके सोडून माझ्यापाशी ट्रॅक्टरच्या लोडरचा विषय घेऊन बसलीस, तेव्हाच कळलं गं, तुझ्या डोक्यावर केवढा भार आहे ते. जुना सालदार साल संपवून गेला. नवा आला तो ट्रॅक्टर चालवतो, पण लोडरला हात लावत नाही. नवरा नोकरीपायी बाहेरगावी. पावसाच्या आत उकिरडा उपसून शेणखत शेतात पडायला हवं आणि लोडरच्या बकेटला लावायची दातांची पट्टी आठ दिवस ओसरीवर तशीच पडून. खरं सांगू का, ठिबकच्या नळ्या तू एकटीनं अंथरल्यास, फिल्टर खोलून धुतलेस. हेही तुला जमेल.

आधी हे बघ, दात कशाला लागतात. बकेटचं पातं सपाट असतं. मोकळी माती, भुसभुशीत खत ते झकास उचलतं. पण वैशाखात विटेसारखा झालेला उकिरडा किंवा घट्ट मुरूम समोर आला की ते वरून घसरतं. गुळाची ढेप तू उलथन्यानं फोडतेस का? टोकदार काहीतरी घेतेसच ना. तोच ट्रॅक्टर, तेवढीच ताकद, पण दातांमुळे ती पाच-सहा टोकांवर एकवटते. आमच्या यावलकडे तापीकाठची माती खोल, खडा सापडत नाही. तिथे दात नसले तरी निभतं. तुझी जमीन साक्रीकडची. हातभर खाली गेलं की मुरूम. तुला दात हवेतच.

आता माप. इथेच माझं चुकलं होतं, म्हणून जीव तोडून सांगते. मी बकेटची रुंदी मागच्या बाजूला मोजली आणि त्या मापानं पट्टी करून आणली. बकेट वापरून पुढे फाकलेली असते, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. पट्टी तीन सूत कमी भरली. मी तशीच बोल्टनं आवळली आणि दोन दिवसांत भोकं लांबट झाली, एक बोल्ट तुटून उकिरड्यात गेला. तो शोधताना मला रडू आलं होतं. म्हणून टेप धर ती थेट पात्याजवळ, आतल्या बाजूनं. एकदा नाही, तीनदा मोज आणि ओसरीवरची पट्टी त्या मापाची आहे का ते बघ.

आणि त्यातलं मर्म ऐक. पट्टी पात्याला पूर्ण चिकटून बसली पाहिजे. खोदताना सगळा रेटा पट्टीवरून पात्यावर जायला हवा, बोल्टांवर नाही. बोल्टांचं काम फक्त पट्टी जागेवर धरून ठेवायचं. कुकरचं झाकण रिंगेवर नीट बसलं नाही तर शिटी होत नाही, तू कितीही दाबून धर. पात्यावर जुन्या वेल्डिंगचे गोळे, गंज, वाळलेलं शेण असेल ते आधी ग्राइंडरनं साफ करून घे. फट राहिली तर पट्टी काढून पुन्हा बसव. कंटाळा करू नकोस.

भोकं पाडायच्या आधी बकेट खाली आण, लाकडी ओंडक्यावर सपाट टेकव, इंजिन बंद कर, चावी काढून पदराला बांध. मग लोडरचा दांडा दोन्हीकडे हलवून तेलाचा दाब सोडून दे. उचललेल्या बकेटखाली कोणी जायचं नाही. तू नाही, सालदार नाही, पोरं तर मुळीच नाहीत. तेलाचा पाइप फुटला तर बकेट खाली यायला क्षणही लागत नाही. यात मी तुझं काही ऐकणार नाही.

पट्टी शिकंज्यानं घट्ट धरून खडूनं खुणा कर. आधी बारीक ड्रिल, मग मोठं. मधे मधे तेलाचा थेंब सोड आणि घाई करू नकोस, नाहीतर ड्रिलचं टोक जळतं. बोल्ट हाय टेन्साइलच माग, डोक्यावर ८.८ कोरलेलं बघूनच घे. साध्या बोल्टानं पैसे वाचतात ते एका दिवसापुरते. कोणी म्हणालं, ‘ताई, वेल्डिंगच मारून देतो,’ तर नको म्हण. पात्याचं पोलाद कडक असतं. आधी नीट तापवल्याशिवाय वेल्डिंग केलं तर शेजारून तडा जातो. शिवाय बोल्टची पट्टी गोठ्यातलं मोकळं खत भरताना काढून ठेवता येते. दातांनी गोठ्याची फरशी उखडली की मग सासूबाईंना तोंड द्यायचं तुलाच आहे!

आता चालवणं. लोडरला दात लावले म्हणून त्याचा जेसीबी होत नाही गं. शिरपूरकडे २००४पासून नाले खोल-रुंद करायचं जे मोठं काम झालं, ते मोठ्या यंत्रांचं काम. आपल्या लोडरचे हात उचलायला केलेले आहेत, खणायला नाही. पहिल्या लो गिअरमध्ये, सरळ, दात जरासे खाली झुकवून, चार-सहा बोटांचाच थर घे. दात जमिनीत असताना स्टिअरिंग वळवू नकोस, लांबून वेगानं येऊन धडक मारू नकोस. दोन्हीनं हात पिळवटतात. मागे रोटाव्हेटर अडकवून ठेव. पुढे भार आला की मागची चाकं हलकी होतात आणि ट्रॅक्टरचा ब्रेक मागच्या चाकांनाच असतो, हे विसरू नकोस. ठिबकची मेन लाइन कुठून गेलीय तिथे आधी चुन्याची रेघ मार.

तासभर काम झालं की थांब, बकेट टेकव, इंजिन बंद कर आणि सगळे बोल्ट पान्यानं पुन्हा आवळ. नवी पट्टी पहिल्या तासात बसते आणि बोल्ट ढिले पडतात. संध्याकाळी मला फोन कर. किती बोल्ट फिरले ते सांग, पुढचं मग बघू.