दोन स्तंभ, दोन कबरी

(अभ्यासपाठ : कुप्र बेट आणि मयलापूर येथील ख्रिस्ती परंपरांची पारख)

वाचनासाठी उतारे : प्रे. कृ. ४:३६-३७; ११:१९-२४; १३:४-१३; १५:३६-४१; योहान ११:१६; २०:२४-२९; १ थेस्स. ५:२१.

चेन्नई शहराच्या मयलापूर भागात, बंगालच्या उपसागराच्या काठी, सॅन थोमचे शुभ्र महामंदिर उभे आहे. त्याच्या मागे समुद्राच्या बाजूस एक स्तंभ आहे. त्याविषयी अशी आख्यायिका सांगतात की, राजाच्या हत्तींनाही न हललेला एक प्रचंड ओंडका प्रेषित थोमाने आपल्या कमरबंदाने ओढून आणला, त्याचा स्तंभ किनाऱ्यावर रोविला, आणि समुद्र ही मर्यादा ओलांडणार नाही असे सांगितले.

येथून हजारो मैल दूर, भूमध्य समुद्रातील कुप्र (सायप्रस) बेटावर, पफे येथे प्राचीन मंदिराच्या अवशेषांत दगडी स्तंभाचा एक तुकडा दाखवितात. त्या स्तंभास बांधून प्रेषित पौलाला एकोणचाळीस फटके मारले, अशी तेथील परंपरा आहे.

दोन्ही ठिकाणी भाविक नतमस्तक होतात. दोन्ही ठिकाणी एकेका प्रेषिताची कबरही दाखविली जाते : मयलापुरास थोमाची, कुप्रावर बर्णबाची. अशा परंपरांकडे ख्रिस्ती मनुष्याने कसे पाहावे? त्या शास्त्रवचनासारख्या शिरोधार्य मानाव्या, की भोळ्या कथा म्हणून झिडकाराव्या? या पाठात आपण प्रथम कुप्राकडे जाऊ, कारण त्याविषयी शास्त्रात लिखित वृत्तांत आहे. आणि तेथे शिकलेला धडा घेऊन आपल्या देशातील मयलापुरास परत येऊ.

१. कुप्र : तांब्याचे बेट

कुप्राचे नाव जगभर पसरले ते तांब्यामुळे. तेथील खाणी इतक्या प्रसिद्ध होत्या की, लॅटिन भाषेत तांब्याला या बेटाचेच नाव मिळाले. व्यापारामुळे फिनिकी, ग्रीक, रोमी व यहूदी असे अनेक लोक तेथे वसले. योसेफ नावाचा एक लेवी याच बेटावर जन्मला. प्रेषितांनी त्याला बर्णबा, म्हणजे धीर देणारा, असे नाव दिले. त्याने आपले शेत विकून पैसा प्रेषितांच्या चरणी ठेविला. अंत्युखियात हेल्लेण्यांना प्रथम सुवार्ता सांगणाऱ्यांतही कुप्राचे लोक होते. म्हणजे हे लहानसे बेट मंडळीच्या इतिहासाच्या अगदी उंबरठ्यावर उभे आहे.

पौल व बर्णबा पहिल्या सुवार्ताफेरीत येथे आले, तेव्हा ते प्रथम सलमीनास उतरले. हे नगर ट्रोयच्या युद्धातील त्यूक्र नावाच्या वीराने वसविले अशी ग्रीक दंतकथा आहे. आज तेथे नाट्यगृह, व्यायामशाळा व स्नानगृहे यांचे विस्तीर्ण भग्नावशेष आहेत. चौथ्या शतकातील भूकंपांनी व सातव्या शतकातील अरब स्वाऱ्यांनी ते नगर ओस पडले आणि वस्ती जवळच्या फामागुस्ता बंदराकडे सरकली.

तेथून सबंध बेट ओलांडून ते पफे येथे गेले. ही रोमी सुभ्याची राजधानी होती. या परिसराची ख्याती अफ्रोदिती देवीमुळे होती. समुद्राच्या फेसातून ती या किनाऱ्यावर अवतरली अशी कथा असून, जुन्या पफेतील तिच्या मंदिरात मूर्तीऐवजी शंकूच्या आकाराचा एक काळा दगड पूजिला जात असे. तो दगड आजही तेथील संग्रहालयात ठेविला आहे. अशा नगरात सुभेदार सिर्ग्य पौल याने देवाचे वचन ऐकण्याची इच्छा धरिली, अलीम जादूगाराने विरोध केला, आणि शेवटी सुभेदाराने विश्वास ठेविला.

आता लक्षात घ्या की, प्रेषितांच्या कृत्यांत पफे येथे पौलास फटके मारल्याचा एक शब्दही नाही. आपल्याला यहूद्यांकडून पाच वेळा एक उणे चाळीस फटके बसले, असे पौल स्वतः करिंथकरांस लिहितो (२ करिंथ. ११:२४), परंतु ते कोठे बसले हे तो सांगत नाही. त्याचे ते मौन पफेच्या स्तंभाने भरून काढिले.

तिसरे नगर कित्तिओन, म्हणजे आजचे लार्नाका. स्तोयिक पंथाचा संस्थापक झेनो येथलाच. याच पंथाचे तत्त्वज्ञानी पुढे पौलाशी अथेनैत वाद घालताना दिसतात (प्रे. कृ. १७:१८). परंतु लार्नाकाचे लोक अधिक अभिमानाने सांगतात ते लाजराविषयी. कबरेतून उठविलेला लाजर पुढे येथे आला व येथला पहिला बिशप झाला, अशी त्यांची परंपरा आहे. नवव्या शतकाच्या अखेरीस बांधलेले त्याच्या नावाचे मंदिर आजही उभे आहे. येथेही तोच प्रकार आढळतो. योहानाचे शुभवर्तमान लाजराला जिवे मारण्याच्या मसलतीपर्यंत येऊन थांबते (योहान १२:१०), आणि परंपरा पुढे बोलू लागते.

२. बर्णबाची कबर

मार्कावरून पौल व बर्णबा यांच्यात तीव्र मतभेद झाला. पौल सीलाला घेऊन निघाला. बर्णबा मार्काला घेऊन तारवात बसून आपल्या जन्मभूमीकडे गेला. त्यानंतर प्रेषितांच्या कृत्यांत बर्णबाचे नाव येत नाही. सलमीनास तो हुतात्मा झाला, हे पुष्कळ पुढच्या काळातील ग्रंथ सांगतात.

पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात अंत्युखियाच्या कुलगुरूने कुप्राच्या मंडळीवर अधिकार सांगितला. ४३१ सालच्या इफिस येथील परिषदेने कुप्राचे स्वातंत्र्य मान्य केले असताही हा वाद पुन्हा उकरला गेला. तेव्हा कुप्राचा मुख्य बिशप अंथेमिओस याला स्वप्नात दृष्टांत झाला, सलमीनाजवळ बर्णबाची कबर सापडली आणि मृताच्या छातीवर मत्तयाच्या शुभवर्तमानाची प्रत आढळली, असे सांगितले जाते. ती प्रत सम्राट झेनो याला भेट देण्यात आली. प्रेषिताने स्थापिलेली मंडळी दुसऱ्या कोणाच्या अधीन नाही, हा दावा मान्य झाला. लाल शाईने सही करण्याचा व राजदंड धरण्याचा जो मान कुप्राचा मुख्य बिशप आजही मिरवितो, त्याचा उगम या घटनेत सांगतात.

आपण कोणाच्या श्रद्धेचा उपहास करीत नाही. तथापि प्रामाणिक अभ्यासकाने एवढे तरी ध्यानात घ्यावे की, कबर नेमकी गरज पडली तेव्हाच सापडली.

या कबरेची पुढील कथा करुण आहे. १९६० साली कुप्र स्वतंत्र झाला, परंतु १९७४ साली ग्रीक लष्करी कटानंतर तुर्की सैन्य बेटावर उतरले व देशाचे दोन तुकडे झाले. राजधानी निकोसियाच्या मधून आजही विभाजनाची रेषा जाते. बर्णबाचा मठ उत्तर भागात राहिला. तेथील वृद्ध संन्यासी १९७६ पर्यंत तग धरून होते. पुढे मठाचे संग्रहालय झाले. ज्या पुरुषाने संशयित शौलाला हाती धरून प्रेषितांकडे नेले आणि मार्काला दुसरी संधी दिली, त्या समेट करणाऱ्याची कबर दुभंगलेल्या भूमीत आहे. कबर जपली गेली. परंतु तिच्यात निजलेल्याचा आत्मा जपला गेला काय, असा प्रश्न मनात येतो.

३. मयलापूर : मोरांचे नगर

आता आपल्या देशाकडे येऊ. ज्या थोमाने प्रभूबरोबर मरावयास जाऊ असे म्हटले, आणि ज्याने जखमा पाहिल्यावाचून विश्वास ठेवणार नाही असेही म्हटले, त्याचे नाव प्रे. कृ. १:१३ नंतर शास्त्रात येत नाही. दक्षिणेतील परंपरा सांगते की, तो इ. स. ५२ मध्ये केरळच्या किनाऱ्यावर उतरला व इ. स. ७२ मध्ये मयलापुराजवळ हुतात्मा झाला.

थोमाच्या भारतभेटीचा जुना विस्तृत ग्रंथ, 'थोमाची कृत्ये', हा तिसऱ्या शतकाच्या पूर्वार्धात सीरियक भाषेत लिहिला गेला. त्यात थोमा गोंदोफर राजाचा महाल बांधण्यासाठी पैसा घेतो व तो गरिबांस वाटून स्वर्गात महाल बांधतो. कथा अद्भुत आहे. मात्र गोंदोफर काल्पनिक नव्हे; त्याची नाणी सापडली असून पहिल्या शतकात तो वायव्य भारतात राज्य करीत होता. परंतु हा ग्रंथ मयलापुराचे नाव घेत नाही, आणि थोमाच्या अस्थी पश्चिमेकडे नेल्या असे म्हणतो. त्या एदेसा नगरात पूज्य मानल्या जात. पुढे त्या खिओस बेटावर आणि १२५८ साली तेथून इटलीतील ओर्तोना येथे गेल्या.

मयलापुराची कबर ठळकपणे दिसते ती तेराव्या शतकाच्या अखेरीस, मार्को पोलो याच्या वृत्तांतात. ख्रिस्ती व मुसलमान दोघेही तेथे यात्रेला येत आणि तेथली तांबडी माती तापाने आजारी असलेल्यांस पाण्यातून देत, असे तो सांगतो. त्याने ऐकलेली मृत्यूची कथा मात्र निराळी आहे : थोमा रानात प्रार्थना करीत असता मोरांवर सोडलेला एका शिकाऱ्याचा बाण चुकून त्याला लागला. ग्रंथ म्हणतो राजाज्ञेने भाल्यांनी मारिले. प्रवासी म्हणतो चुकलेल्या बाणाने. मयिल म्हणजे तमिळ भाषेत मोर. पार्वतीने मोराच्या रूपाने शिवाची आराधना केली, अशी येथील कपालीश्वर मंदिराची कथा आहे. थोमाच्या आख्यायिकेतही तोच मोर शिरला, यावरून परंपरा भूमीचा रंग कसा घेते हे दिसते.

१५२३ साली पोर्तुगीजांनी कबर खणली, अस्थी मिळाल्याचे सांगितले व तेथे मंदिर बांधिले. आजचे महामंदिर १८९६ सालचे आहे. अस्थी जर पश्चिमेकडे गेल्या होत्या, तर येथे काय सापडले? थोडे अवशेष मागे राहिले, असे उत्तर दिले जाते. शिवाय पूर्वेकडे आपले बस्तान बसवू पाहणाऱ्या पोर्तुगीजांना प्रेषिताची कबर हाती असणे लाभाचेच होते. सलमीनाची आठवण येथे होते.

नगराच्या नैर्ऋत्येस थोमाचा डोंगर आहे. तमिळ लोक त्याला परंगीमलै, म्हणजे फिरंग्यांचा डोंगर, म्हणतात. तेथे १५४७ साली पाया खणताना कोरीव क्रूस असलेली शिळा मिळाली. तिला घाम येत असे, अशा कथा पुढे पसरल्या. परंतु खरे मोल तिच्या कडेने कोरलेल्या पहलवी अक्षरांत आहे. ही जुन्या इराणची लिपी. अशाच शिळा केरळातही असून, त्या पोर्तुगीजांच्या कित्येक शतके आधीच्या आहेत असे अभ्यासक मानतात. ही शिळा थोमा येथे मेला असे सिद्ध करीत नाही. परंतु कोणताही युरोपी येण्यापूर्वी या किनाऱ्यावर क्रूसापुढे गुडघे टेकणारे लोक होते, हे ती ठामपणे सांगते. आख्यायिकेपेक्षा ही साक्ष लहान आहे. पण ती भक्कम आहे.

४. पारख कशी करावी?

या दोन स्थळांवरून तीन प्रश्न आपल्या हाती येतात.

पहिला : शास्त्र काय सांगते व कोठे थांबते? जेथे शास्त्र मौन धरते, तेथे आपणही बेताने बोलावे. 'असे घडले' आणि 'असे सांगतात' ही दोन वाक्ये उपदेशपीठावरून निरनिराळी उच्चारली गेली पाहिजेत.

दुसरा : साक्ष केव्हाची व कोणाच्या उपयोगाची? उपयोग झाला म्हणून कथा खोटी ठरत नाही. परंतु सावध राहणे योग्य ठरते. देवाचा गौरव व्हावा म्हणूनही खोटी साक्ष देण्याची मुभा आपणांस नाही.

तिसरा : परंपरेचे फळ काय? येथे त्या मयलापूरच्या स्तंभाकडे परत येऊ. २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामीची लाट चेन्नईच्या किनाऱ्यावर आली. महामंदिर सुरक्षित राहिले, तेव्हा स्तंभाने समुद्र अडविला असे पुष्कळांनी म्हटले. परंतु त्याच लाटेने किनाऱ्यावरील कोळ्यांची घरे नेली, माणसे नेली. स्तंभाने मंदिर राखिले असे आपण म्हणू, तर ज्या आईचे लेकरू वाहून गेले तिला काय सांगू? आपला देव इमारतीची काळजी घेतो व झोपड्यांची घेत नाही, असे? अशा वेळी आख्यायिका निरुपद्रवी राहत नाही. ती शोकग्रस्ताच्या जखमेवर मीठ चोळते. उलट, घरे गमावलेल्यांना त्या मंदिराच्या आवारात आसरा मिळाला, ही गोष्ट कोणत्याही स्तंभापेक्षा मोठी आहे. 'थोमाची कृत्ये' या ग्रंथातील थोमाने राजाचा पैसा गरिबांस वाटिला. ती कथा इतिहास असो वा नसो, त्या दिवशी आवारात तिचा अर्थ खरा झाला.

५. आपणांकरिता

आपल्या महाराष्ट्रातही सहाव्या शतकातील कोस्मा या प्रवाशाच्या वृत्तांताचा आधार घेऊन कल्याणच्या प्राचीन मंडळीविषयी सांगितले जाते. तो 'कल्लियाना' येथील बिशपाचा उल्लेख करतो, व ते कल्याणच असावे असे पुष्कळ अभ्यासक मानतात. हे जाणून आनंद व्हावा. परंतु आपली मंडळी सोळाव्या शतकातील असो वा एकोणिसाव्या, प्राचीन कबर नाही म्हणून आपण उणे ठरत नाही. आपला धर्म परका आहे असे कोणी म्हटले, तर इ. स. ५२ हे साल ढालीसारखे पुढे करण्याचा मोह होतो. त्या ढालीला इतिहासकाराचे एक बोट लागले की ती डळमळते. शेजाऱ्याच्या सुखदुःखात सामील झालेले जीवन मात्र कोणास परके वाटत नाही.

थोमाने पुरावा मागितला म्हणून प्रभूने त्याला घालवून दिले नाही. त्याने आपले हात पुढे केले. म्हणून पारख करणे हा अविश्वास नव्हे. आणि पारख झाल्यावर, कबर रिकामी असो वा भरलेली, आपली आशा ज्या कबरेवर उभी आहे ती यरुशलेमेजवळ असून रिकामी आहे.

चिंतनासाठी प्रश्न

१. बर्णबाचे कोणते गुण शास्त्रातून निश्चित कळतात? त्यांतील कोणता आपल्या मंडळीत आज सर्वांत आवश्यक आहे?

२. आपल्या गावच्या मंडळीविषयी ऐकलेली एखादी जुनी कथा आठवा. तिच्यातील इतिहास व आख्यायिका कशा वेगळ्या कराल?

३. संकटातून आपण वाचलो व शेजारी वाचला नाही, तेव्हा साक्ष कोणत्या शब्दांत द्यावी?